वीज गेली, बुडबुडे थांबले

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळचे दहा वाजून गेले होते. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर कामाला बसले होते, मुलाची ऑनलाइन शाळा चालू होती. एकदम पंखा थांबला. हॉलमधून अप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आवाज आला, "अगं, टाकी गप्प झाली बघ."

तीन फुटांची टाकी, साधारण सव्वाशे लिटर पाण्याची. लॉकडाऊनमध्ये अप्पांचं खाली बागेत जाणं बंद झालं, म्हणून ती घरी आणली होती. सात गोल्डफिश होते. सकाळचा चहा झाला की अप्पा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत. एअर पंपाची ती बारीक घरघर आणि बुडबुड्यांचा आवाज आमच्या इतका अंगवळणी पडला होता की तो थांबल्यावरच जाणवला.

अर्ध्या तासात येईल वीज, असं मी म्हटलं. मग बातम्या यायला लागल्या. पडघा-कळवा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली होती. लोकल रुळांवर उभ्या होत्या. मुंबईला अशा बिघाडापासून वेगळं काढणारी आयलँडिंगची व्यवस्था १९८१ पासून आहे, पण त्या दिवशी तीही शहराला सावरू शकली नाही.

साडेबाराच्या सुमारास सगळे मासे वर आले. पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून भराभर उघडमीट करत होते. अप्पांना वाटलं, भूक लागली असेल. त्यांनी चिमूटभर दाणे टाकले. एकाही माशाने तोंड लावलं नाही. तीनच्या पुढे सर्वांत मोठा मासा कलंडला. आमच्या इमारतीत दिवे आले तेव्हा सात वाजून गेले होते आणि आमचे तीन मासे गेले होते. उरलेले चार वाचले ते अप्पांमुळे. ते कसे, ते पुढे सांगते.

त्यानंतर गेली काही वर्षं मी वीज गेल्यावर मासे कसे जगवायचे, या एका प्रश्नाच्या मागे लागले. काही उपाय फसले, काही जमले. आमच्यासारखं मुलुंडमध्ये किंवा कुठेही घरी मासे पाळणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवते आहे.

१. आधी ठरवा, नक्की काय चालू ठेवायचं आहे.

दुसऱ्याच दिवशी मी एका इन्व्हर्टरवाल्याला बोलावलं. त्याने टाकीकडे एक नजर टाकली आणि सगळ्या टाकीचा भार धरून मोठ्या बॅटरीचा आकडा सांगितला. तो गेल्यावर मी प्रत्येक वस्तूवरचं लेबल वाचलं. दिवा १८ वॉट, फिल्टर १५ वॉट, एअर पंप ३ वॉट. हिटर आम्ही लावलेलाच नव्हता, मुंबईत गोल्डफिशला तो लागत नाही.

वीज गेल्यावर दिवा नसला तर माशांचं काहीही बिघडत नाही. फिल्टर काही तास थांबला तरी लगेच जीव जात नाही. जीव जातो तो प्राणवायू संपल्यामुळे. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि कोमट पाण्यात कमी. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. त्यातून पाणी गरम झालं की माशांची गरज मात्र वाढते. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये टाकीतलं पाणी सहज ३० अंशांवर जातं. आमचे मासे नेमके ऑक्टोबरच्या उन्हात सापडले.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. बुडबुड्यांतून पाण्यात थेट मिसळणारी हवा थोडीच असते. बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात, पृष्ठभाग हलता ठेवतात, आणि तिथून हवा आत शिरते. म्हणजे आपल्याला करायचं एवढंच, पृष्ठभाग हलता ठेवायचा. त्याला ३ वॉट पुरतात. हा हिशोब लक्षात आल्यावर माझा खर्च हजारांवरून शेकड्यांत आला.

२. किती तासांची सोय हवी, हे आपल्या भागाला विचारा.

उपनगरातल्या बहुतेक भागाला अदानी किंवा टाटाची वीज मिळते, पण मुलुंड-भांडुपला महावितरण. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाकीच्या मुंबईत दिवे लखलखत असताना इथे लोडशेडिंग सोसलेली माणसं आमच्या इमारतीत अजून आहेत. आता तो काळ गेला, पण वीज जाणं पूर्ण थांबलेलं नाही.

मी वर्षभर भिंतीवरच्या कालनिर्णयवर नोंद ठेवली. वीज गेली की वेळ, आली की वेळ. वर्षाच्या शेवटी चित्र स्पष्ट झालं. बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटं. पहिल्या पावसात किंवा रस्ता खणताना केबलमध्ये बिघाड झाला, तर तीन ते पाच तास. देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर मोबाइलवर आधी एसएमएस येतो, मात्र त्यासाठी आपला नंबर ग्राहक क्रमांकाशी जोडलेला हवा. आणि कधीतरी एकदा १२ ऑक्टोबरसारखा दिवस.

वीस मिनिटांसाठी कसलीच सोय लागत नाही. मी माझं उद्दिष्ट बारा तास ठरवलं, कारण रात्री झोपल्यावर वीज गेली तर सकाळपर्यंत कुणाला कळणारही नाही. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल. पण तो आकडा हातात आल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

३. पॉवर बँक आणि यूएसबीवर चालणारा एअर पंप.

माझ्या अनुभवात लहान आणि मध्यम टाकीसाठी याहून स्वस्त आणि सोपा उपाय नाही. पंप दोनशे-तीनशे रुपयांत येतो, पॉवर बँक बहुतेकांच्या घरात असतेच.

हिशोब असा. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टने देताना काही वाया जातात, हाती साधारण ३० येतात. माझा पंप दीड वॉट घेतो. कागदावर वीस तास झाले. प्रत्यक्ष घड्याळ लावून बसले तेव्हा सतरा तास चालला. माझ्या बारा तासांच्या हिशोबात ते आरामात बसलं.

पण त्याआधी एक फजिती झाली होती. घरातली जुनी पॉवर बँक पहिल्या चाचणीत अर्ध्या तासात आपोआप बंद पडली. चार्ज भरपूर होता. मला वाटलं, पंपच खराब आहे. मग कळलं की काही पॉवर बँकांना फार थोडी वीज ओढणारी वस्तू जोडली, की फोन पूर्ण चार्ज झाला असं समजून त्या स्वतःला बंद करतात. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून नवीन घेताना मी पंप पिशवीत घालून दुकानात नेला आणि तिथेच पाऊण तास जोडून ठेवला. दुकानदार कंटाळला, पण मी हलले नाही.

आणखी एक बारकावा. या छोट्या पंपाला जोर कमी असतो. नळीच्या टोकाचा एअर स्टोन तळाशी ठेवला तर वरच्या पाण्याच्या दाबामुळे जेमतेम चार बुडबुडे निघतात. तोच स्टोन अर्ध्या उंचीवर टांगला की पृष्ठभाग छान हलतो. सक्शन कपाने काचेला लावून ठेवा.

१७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं. बाहेर झाडं अक्षरशः पिळवटून निघत होती. आमच्याकडे दुपारी गेलेली वीज रात्री उशिरा आली. ते नऊ तास हाच पंप चालला. अप्पा टॉर्च घेऊन दर तासाला बघून येत होते. चारही मासे तळाशी शांत फिरत होते.

४. कॉम्प्युटरचा जुना यूपीएस.

घरात होता म्हणून लावून पाहिला. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-तास. पंप ३ वॉटचा, तेव्हा पुष्कळ वेळ चालेल असं वाटलं. चालला एक तास चाळीस मिनिटं. यूपीएसची स्वतःचीच भूक मोठी असते, आणि आमची बॅटरीही थकलेली होती. शिवाय त्याची पीप-पीप सगळ्या घराला जागं ठेवते. फक्त टाकीसाठी नवा यूपीएस विकत घेऊ नका.

५. इन्व्हर्टर घ्यायचा तर घरासाठी घ्या, टाकीला त्यातला कोपरा द्या.

पुढे अप्पांना उकाड्याचा त्रास व्हायला लागला आणि आम्ही इन्व्हर्टर घेतलाच. १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे १८०० वॉट-तास. त्यातले सत्तर टक्के वापरायला मिळतात असं धरलं, तर दोन पंखे आणि चार दिवे सहा तास चालतात. टाकीचे ३ वॉट त्यात कुठे गेले ते कळतही नाही.

तरी इथे तीन चुका झाल्या. विकणाऱ्याने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर दिला आणि "सगळं चालतं" म्हणून सांगितलं. दिवे, पंखे चालले. पण वीज गेली की एअर पंप आणि फिल्टर गुरगुरायला लागत आणि हात लावला तर चांगलेच तापलेले असत. मोटर आणि कंपनावर चालणाऱ्या वस्तूंना साइन वेव्ह हवी. थोडे पैसे जास्त पडतात, पण घेताना तोच आग्रह धरा. आम्हाला तो इन्व्हर्टर नंतर बदलावा लागला.

दुसरी चूक वायरिंगची. इन्व्हर्टरची लाइन हॉलमधल्या पंख्याला आणि दिव्यांना दिली होती, टाकीच्या प्लगला नाही. हे आम्हाला कळलं ते पुढच्या वेळी वीज गेल्यावर. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि टाकी गप्प. इलेक्ट्रिशियन घरात आहे तोवरच मेन स्विच बंद करायला लावा आणि प्रत्येक प्लग स्वतः तपासा. हिटर असेल तर तो मात्र इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नका, शंभर वॉट तो एकटाच खातो.

तिसरी चूक होता होता राहिली. बॅटरी ठेवायला जागा नाही म्हणून टाकीच्या स्टँडखालच्या कपाटात ठेवू या, असं सुचवलं गेलं. अप्पा ठाम उभे राहिले. चार्ज होताना अशा बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, तिला मोकळी हवा लागते. आणि वरून पाणी गळण्याची शक्यता असलेली जागा तर मुळीच नको. ती आता पॅसेजमध्ये आहे. दर दोन महिन्यांनी तिच्यातलं डिस्टिल्ड वॉटर बघायचं काम मुलाकडे दिलं आहे.

आमच्या सोसायटीत कुणीतरी गॅलरीत ठेवायचा पेट्रोल जनरेटर घेण्याचा विचार बोलून दाखवला होता. माझं स्पष्ट मत आहे, फ्लॅटमध्ये हे करू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसं मारतो. १२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलुंडमधल्याच एका रुग्णालयात जनरेटरला आग लागून रुग्णांना हलवावं लागलं होतं, हे इथल्या लोकांनी विसरू नये. सोसायटीचा मोठा जनरेटर असेल तर तो लिफ्ट, जिना आणि पाण्याच्या पंपासाठी आहे. जिन्यातल्या दिव्यावरून वायर ओढून आत घेणं धोक्याचं आहे.

६. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

वीस रुपयांची वस्तू आहे. अंगठ्याएवढी, पारदर्शक, मध्ये छोटा पडदा. एअर पंपाच्या नळीत बसवायची. आमचा पंप टाकीच्या खालच्या फळीवर होता. पंप थांबला की हवेचा दाब जातो, आणि टाकीतलं पाणी नळीतून उलटं खाली यायला लागतं. त्या ऑक्टोबरमध्ये सगळे माशांकडे बघत होते आणि खाली फळीवर पाण्याचं थारोळं साचत होतं. एक्स्टेन्शन बोर्ड तिथून वीतभर अंतरावर होता. वीज परत आली असती आणि पाणी तिथवर पोचलेलं असतं तर काय झालं असतं, ते मी पुढे कितीतरी दिवस मनातून काढू शकले नाही. आता व्हॉल्व्हही आहे, आणि बोर्डही भिंतीवर वर चढवला आहे. बोर्डाकडे जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर नेली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही, झोळातून खाली ठिबकतं. तुमच्याकडे व्हॉल्व्ह नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा.

७. वीज आल्यावरची घाई.

माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये पाणी बरेच तास थांबलं की ते गुदमरतात आणि आतलं पाणी सडायला लागतं. वीज आली की तेच पाणी सरळ टाकीत ओतलं जातं. वीज चार-पाच तासांहून जास्त गेली असेल तर मी फिल्टर उघडून आधी वास घेते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आतलं पाणी फेकून स्पंज टाकीच्याच पाण्यात, बादलीत काढून, हलक्या हाताने पिळते. नळाखाली नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेले जिवाणूही मारतं. आम्ही आता टाकीतच बसणारा साधा स्पंज फिल्टर लावला आहे. तो एअर पंपावरच चालतो, म्हणजे पॉवर बँकेवर हवाही मिळते आणि फिल्टरही जिवंत राहतो. दोन कामं एका पंपात झाली.

८. सातांच्या जागी चार.

हे लिहायला जड जातं. सव्वाशे लिटरमध्ये सात गोल्डफिश ही मुळातच गर्दी होती. गोल्डफिश खूप खातो, खूप घाण करतो, त्याला प्राणवायूही खूप लागतो. विकत घेताना ते दोन-दोन इंचांचे होते, पण वाढले. पंप चालू होता तोवर गर्दी खपून गेली. तो थांबला आणि हिशोब उघडा पडला. भरगच्च टाकीला कुठलीही बॅटरी पुरणार नाही. आम्ही नंतर एकही मासा वाढवला नाही.

ज्यांना बॅटरी वगैरे काहीच जमणार नाही त्यांनी फायटर किंवा गोरामी पाळावेत. हे मासे वर येऊन थेट हवेतला श्वास घेऊ शकतात. आणि वीज गेल्यावर कुठल्याही माशाला खायला घालू नका. दाणे पडून कुजतात आणि उरलासुरला प्राणवायू त्यातच जातो. निरोगी मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो.

९. स्टीलचा पेला.

त्या दुपारी पहिला मासा गेल्यावर अप्पांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला. टाकीतलं पाणी पेल्यात घ्यायचं, हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं. धार पडली की पृष्ठभाग फुटतो, पाणी ढवळतं. पाच मिनिटं ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, हात थोडे थरथरतात. साडेतीन ते सात त्यांनी ते केलं. मध्ये मी आणि मुलाने हात बदलले, पण ते खुर्चीवरून उठले नाहीत. दोन मासे त्यानंतरही गेले. चार वाचले.

तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. थोडं पाणी बदलावं म्हटलं, तर नळाला पाणी नव्हतं. वीज नाही तर सोसायटीचा पंप नाही, पंप नाही तर गच्चीवरची टाकी रिकामी. तेव्हापासून बाथरूममध्ये एक झाकलेली बादली कायम भरलेली असते. एक दिवस उघडी ठेवून क्लोरीन उडालेलं पाणी त्यात असतं. फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या गोठवून ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात वीज गेली की एक बाटली टाकीत तरंगत सोडायची. एकच सोडायची, दोन्ही नाही. पाणी झपाट्याने गार झालं तर माशांना झटका बसतो.

१०. घरात कुणी नसताना.

गणपतीला आम्ही पाच दिवस कोकणात जातो. पेला, पॉवर बँक, बादली, सगळ्याला माणूस लागतो. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते, पण रात्री दोन वाजता वीज गेली तर त्यांना उठवणार कोण? त्यासाठी चार्जेबल एअर पंप घेतला. आत बॅटरी असते, प्लगला कायम लावून ठेवायचा, वीज गेली की आपोआप चालू होतो आणि आली की थांबतो. जिवंत मासे लांब नेणारे विक्रेते असेच पंप वापरतात. हजार रुपयांच्या आसपास मिळाला. आठ तास चालतो. अप्पा म्हणाले, "हा आधी असता तर." त्यावर कुणी काही बोललं नाही.

आज आमच्याकडे तीन सोयी आहेत. चार्जेबल पंप, पॉवर बँक आणि इन्व्हर्टरचा प्लग. पण दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही टाकीचा प्लग काढतो आणि घड्याळ लावतो. मागच्या वेळी चार्जेबल पंप आठऐवजी पाचच तास चालला. बॅटरी थकायला लागली होती, बदलली.

तुमच्याकडे टाकी असेल तर या रविवारी तेवढं करा. सकाळी नाश्त्यानंतर टाकीचा प्लग काढा, तुमची जी काही सोय असेल ती लावा आणि ती कधी थांबते ते कागदावर लिहा. दिवसा करा, घरात माणसं असताना करा, पंप थांबला की लगेच प्लग परत लावा. आणि एक पेला टाकीजवळ ठेवा.